लताबाईची सापशिडी

लताबाई पगारे दुपारच्या वेळी गल्लीतली बारकी पोरं घरात घेऊन बसते, त्यांना सापशिडी शिकवते आणि त्याबद्दल कुणाकडून काही घेत नाही, असं सातपूरच्या त्या कॉलनीत सगळे सांगत. सांगताना आवाजात थोडा आदर आणि थोडं आश्चर्य असे. खरं तर लताबाईला समाजसेवेची हौस तिळभरही नव्हती. तिला आपल्या मुलीबरोबर खेळायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी वयाने तीनच्या आसपासचंच असणं गरजेचं होतं. गल्लीला जे पुण्य दिसत होतं, ते या स्वार्थाच्या मागोमाग फुकट आलेलं होतं.

लताबाई मूळची सिन्नरकडची. माहेरी कोबी-टोमॅटोचा मळा, घरात माणसं भरपूर आणि आठवीनंतर शाळा बंद. लग्न होऊन ती सातपूरला आली ती दोन खोल्या आणि पुढे शहाबादी फरशीचा लांबलचक ओटा असलेल्या घरात. नवरा निवृत्ती एका इंजिनिअरिंग कंपनीत तपासणीच्या टेबलावर होता. मशीनवरून उतरलेले लोखंडी दांडे एकेक करून हातात घ्यायचे, माप बघायचं गेज लावायचं. बसलं तर दांडा उजवीकडच्या पेटीत, नाही बसलं तर डावीकडच्या. पाळी संपेपर्यंत हेच. माणूस स्वभावाने इतका मऊ की डावीकडच्या पेटीतही तो दांडा हळूच ठेवत असेल, असं लताबाई म्हणायची.

राखी ही त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणनव्वद सालची. ती बसली उशिरा, चालली उशिरा, आणि बोलायला लागली तेव्हा तिच्या बरोबरीची मुलं बालवाडीत गाणी म्हणत होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि सांगितलं, “शिकेल, पण तिच्या चालीने शिकेल. घाई करू नका.” लताबाईने ऐकून घेतलं. घाई न करणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण ती प्रयत्न करत होती.

आता गल्लीतल्या खेळांचं एक सांगायला हवं. लगोरी असो, लपाछपी असो, विषामृत असो, खेळात बारकं पोर आलं की त्याला ‘लिंबूटिंबू’ करायचं ही तिथली रीत होती. लिंबूटिंबूने पळावं, लपावं, घसा फुटेस्तोवर ओरडावं. पण ते आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. ते खेळात असतं आणि नसतंही. मग केव्हातरी मोठी मुलं ठरवतात की आता हा पक्का. त्या दिवशी ते पोर छाती काढून फिरतं, आणि दिवेलागणीपर्यंत अंगावर राज्य आलं की रडत घरी जातं. सगळ्यांचं असंच झालेलं असतं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

राखी लिंबूटिंबू होती. तिच्या बरोबरीचे पक्के झाले, तरी ती होती. मग तिच्याहून लहान मुलं आली, तिच्यासोबत लिंबूटिंबू झाली आणि तीही पक्की होऊन पुढे गेली. राखी सात वर्षांची झाली तरी तिथेच. तिला कुणी चिडवत नव्हतं, ढकलत नव्हतं, उलट सगळे तिला जपत. चिडवलं असतं तर लताबाई लाटणं घेऊन धावली असती. पण चांगुलपणावर लाटणं उगारायचं कसं? ती ओट्यावर मेथी निवडत बसायची आणि बघत राहायची.

एका संध्याकाळी लपाछपी चालू होती. डाव मोडला, आयांनी हाका मारल्या, मुलं घरोघर गेली. राखी आली नाही. लताबाई शोधायला निघाली तर पोरगी सार्वजनिक नळाशेजारच्या पाण्याच्या पिंपामागे अंग चोरून बसलेली. चिखलात फ्रॉक भरलेला आणि चेहरा नुसता फुललेला.

“आई,” ती कुजबुजली, “मी कुणालाच सापडले नाय!”

तिला कुणी शोधलंच नव्हतं. लिंबूटिंबूला शोधावं लागत नाही. लताबाईने तिला उचललं, “लय भारी लपली गं माझी बाई” म्हणाली, आणि घरी आणून पाय धुताना तिने तांब्या जोरात आपटला. निवृत्तीने विचारलं काय झालं. ती म्हणाली, काही नाही, तांब्या निसटला.

त्या दिवसापासून लताबाईने एकच गोष्ट मनात धरली: एकदा तरी ही पोर खरीखुरी खेळली पाहिजे. म्हणजे तिच्यावर राज्य आलं पाहिजे, ती हरली पाहिजे, आणि हरल्याचं तिला लागलंही पाहिजे. जिंकण्याचं पुढचं पुढे. ही इच्छा अशी की ती कुणाजवळ बोलावी तर ऐकणाऱ्याला वाटावं, बाईचं डोकं फिरलं. म्हणून ती कुणाला बोलली नाही.

पण राखीला सूट न देता तिच्याशी खेळणार कोण? मोठी मुलं समंजस झालेली. विचार करता करता तिच्या ध्यानात आलं की गल्लीत दयामाया नसलेली एक जमात आहे, ती म्हणजे तीन वर्षांची पोरं. तीन वर्षांचं पोर कुणालाही सूट देत नाही, स्वतःच्या आजीलाही नाही. त्याच्या हातातला बिस्किटाचा तुकडा मागून बघावा म्हणजे कळतं. लताबाईने मेन रोडवरच्या दुकानातून सापशिडीचा पट आणला आणि समोरच्या प्रतिभाला सांगितलं, “तुमच्या राजला दुपारचं पाठवत जा माझ्याकडं. तुम्ही जरा पाठ टेका.” प्रतिभाला हे नको म्हणायचं काही कारण नव्हतं. दोन घरं सोडून राहणाऱ्या सुलाबाईने नात साधना पाठवली. आणखी दोघं-तिघं आपापल्या बहिणींच्या कडेवरून आली.

पहिली दुपार म्हणजे नुसता धिंगाणा. पट उलगडताच एकजण त्याच्यावर जाऊन बसला. एकाने फासा तोंडात घातला. तो लताबाईने बोट घालून काढला आणि तेव्हा त्याने बोटाला चावा घेतला. राजने साप बघितला आणि पायातली चप्पल काढून त्याला बडवायला सुरुवात केली. साधनाने दोन्ही हात जोडून सापाला नमस्कार केला, कारण आजीने नागपंचमीला तसंच करायला लावलं होतं, आणि राज देवाला मारतो म्हणून ती रडायला लागली. राखी या गोंधळात टाळ्या वाजवत बसली होती. लताबाईने पट गुंडाळला आणि सगळ्यांना मुरमुरे दिले.

चूक तिच्या लक्षात आली. शंभर घरं म्हणजे या पोरांना आख्खी नाशिक-त्र्यंबक वाट. निवृत्तीने तिला पॅकिंगच्या खोक्याच्या लाकडाचा साबणाच्या वडीएवढा मोठा फासा करून दिला, त्याला तापल्या खिळ्याने ठिपके पाडले. कुणाच्या तोंडात जाईल अशी ती वस्तूच नव्हती. शिंप्याकडच्या रिकाम्या रिळींना तिने तेलरंग दिला, त्या सोंगट्या झाल्या. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर बोटावर मोजता येतील इतकीच घरं काढली. साप नाही, शिडी नाही. या टोकाला घर, त्या टोकाला चिंचेचं झाड. झाडापाशी पहिला पोचला तो जिंकला.

तेसुद्धा नंतरचं. आधी कितीतरी दुपारी फक्त ‘आता कुणाचं?’ एवढाच खेळ चालला. फासा फिरवायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. ऐकायला हे सोपं आहे. तीन वर्षांच्या मुलाने हातातली वस्तू आपणहून दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे काय असतं, ते करून घेणाऱ्यालाच माहीत. राज फासा पोटाशी धरून ओट्यावर पळून जायचा. साधना आपला फासा टाकून झाला की दुसऱ्याचाही टाकायची, तिचा स्वभावच कारभारी. लताबाई रागवत नसे आणि गोडही बोलत नसे. “आता कुणाचं?” एवढंच विचारून ती हात पुढे धरून बसून राहायची, आणि शेवटी पोर कंटाळून फासा द्यायचं. पुढे पुढे पोरंच एकमेकांच्या अंगावर ओरडू लागली, “तुझं नाय, तिचं!” राखीचंही येऊ लागलं. तिचा हात आला की राज अस्वस्थ होऊन म्हणायचा, “राखीताई, टाक ना लवकर!” असं तिच्यावर गल्लीत आजवर कुणी खेकसलं नव्हतं. लताबाईला ते ऐकून बरं वाटायचं.

मग साप आला, एकच, आणि तोही लहानसा. सापाने गिळलं की खाली यायचं, हे एकालाही मान्य नव्हतं. कुणी सोंगटी पाठीमागे लपवली, कुणी म्हणालं की साप झोपलाय. राज तर सोंगटी घेऊन घरीच निघून गेला आणि प्रतिभाला ती रीळ परत आणून द्यावी लागली. लताबाई म्हणायची, “गिळलं ना? मग ये खाली. खाली बी घरंच हायेत.” हळूहळू ते येऊ लागले, रडत, नाक ओढत, पण येऊ लागले. हे सगळं व्हायला वर्ष गेलं असेल.

राखी मात्र रडत नव्हती. ती हरली की हसायची, दुसरा जिंकला की त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची. लताबाईला आधी वाटलं, होईल हळूहळू. मग दुकानातला मोठा पट पुन्हा निघाला, शिड्या आल्या, आणि एका दुपारी चार वर्षांची साधना कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मावशी, राखीताई मोजतच नाही. ती शिडी शोधते.”

लताबाईने बघितलं. राखीने फासा टाकला, तीन पडले. तिने सोंगटी उचलली, पटावर नजर फिरवली आणि सरळ जवळच्या शिडीच्या पायथ्याशी नेऊन ठेवली. वर चढवली. टाळ्या वाजवल्या. पुन्हा हात आला, पाच पडले, पुन्हा तसंच. कुठली शिडी कुठे लागते हे तिला पाठ होतं. पोरगी मंद म्हणावी तर तिने हे इतकं सफाईने केलं होतं की लताबाई बघतच राहिली. हे तिला कुणीतरी शिकवलेलं होतं.

शिकवणारा संध्याकाळी पाळी संपवून आला. चहा झाल्यावर निवृत्ती राखीला घेऊन त्याच मोठ्या पटावर एक डाव खेळायचा, हा त्या दोघांचा रोजचा आनंद. लताबाईने कणीक मळता मळता एक डोळा तिकडे ठेवला. “तीन पडले गं माझ्या राणीला. एक, दोऽऽन, आणि हीऽ बघ आली शिडी!” सात घरं ओलांडून सोंगटी शिडीवर गेली होती. राखीच्या टाळ्या वाजल्या.

लताबाई कणकेचे हात घेऊनच बाहेर आली. “हे काय मोजणं झालं?”

“काय झालं?”

“तीन पडले. तुम्ही सात घरं नेली.”

“नेली तर नेली. खेळ हाय तो.”

“कंपनीत सूतभर कमी भरलं तर दांडा बाजूला काढता. अन् इथं तिनाचे सात?”

निवृत्ती आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. पण त्या दिवशी त्याने पट बाजूला सारला. “दिवसभर हे बसलं, हे नाय बसलं, तेच करतो ना मी? आता घरी येऊन पोरीला बी गेज लावू?”

लताबाई उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, “गल्लीत तिला कुणी मोजत नाय. तुम्ही बी नाय मोजली तर तिनं जायचं कुठं?”

राखी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. निवृत्तीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मला नाय जमणार तिला हरवायला,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने पटाला हात लावणं सोडलं. राखी संध्याकाळी पट घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली की तो म्हणायचा, पाय दुखतात गं, उद्या. असे पुष्कळ उद्या गेले. बापलेकीचा खेळ आपल्यामुळे बंद पडला याचं लताबाईला वाईट वाटत होतं. ते ती बोलून दाखवत नव्हती आणि माघारही घेत नव्हती.

राखीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. शिडी दिसली की तिचा हात तिकडे जायचाच, म्हणून लताबाईने पटच काढून टाकला. ओट्याची शहाबादी फरशी चौकोनी, एकीला एक लागून. राखीलाच सोंगटी केलं. मोठा फासा टाकायचा आणि पडेल तितक्या फरश्या चालायचं. फरशीवर पाय ठेवल्याशिवाय पुढच्या फरशीवर जाता येत नाही, आणि पायाला उडी मारून शिडी गाठायचा मोह होत नाही. बारकी पोरं मागे रांगेत उभी राहून मोठ्याने मोजायची, “एऽऽक, दोऽऽन!” एखादी फरशी राखीने चुकवली की साधना तिचा फ्रॉक धरून मागे ओढायची. येणारे-जाणारे हसायचे. कंपनीचा भोंगा झाल्यावर सायकलवरून घरी परतणारे कामगार घंटी वाजवत जायचे. उन्हाळा गेला, दिवाळी गेली, पुढचा उन्हाळा आला तेव्हा राखी सहापर्यंत न चुकता चालू लागली. तिला ते पायाने पाठ झालं. पायाचं बोटात यायला आणखी पाऊसकाळ लागला.

आणि मग लताबाईच्या पुढ्यात नवीनच संकट आलं. तिची दयामाया नसलेली पोरं मोठी व्हायला लागली.

राज पहिलीत गेला, साधना बालवाडीत. रविवारी ती आवडीने यायची. एका रविवारी डाव रंगात आला होता आणि राखीची सोंगटी सापाच्या तोंडात गेली. ती ओठ मुडपून बघत होती, काय वाटतंय हे तिचं तिलाच कळत नसावं. तेवढ्यात राज मोठ्या माणसासारखा म्हणाला, “असू दे राखीताई, तुला चालतं. तू राहा तिथंच.” साधनानेही मान डोलावली. राखी लगेच हसली. टाळ्या वाजवल्या.

“नाय चालत!” लताबाई एवढ्या जोरात ओरडली की राजच्या हातातला फासा पडला. “गिळलं ना सापानं? मग यील ती खाली. तुला कुणी सांगितलं चालतं म्हणून?”

राजचा चेहरा पडला. तो रडत घरी गेला आणि थोड्या वेळाने प्रतिभा आली. ती रागावलेली कमी आणि दुखावलेली जास्त होती. “ताई, तुमच्याच मुलीचं मन राखलं ना त्यानं? मुलाला चांगलं वळण लागलं तर तुम्ही त्याच्यावर ओरडता? मला तर काही कळत नाही तुमचं.”

लताबाईला सांगता आलं असतं. पिंपामागची गोष्ट सांगता आली असती. पण ‘माझ्या पोरीला तुमच्या पोरांनी हरवून रडवावं म्हणून मी हा सगळा खटाटोप मांडलाय’ हे वाक्य कुठल्या तोंडाने बोलायचं? ती नुसती म्हणाली, “चुकलं माझं. लेकराला म्हणावं, मावशीचं डोकं दुखत होतं.” प्रतिभा गेली. त्यानंतर राज बरेच दिवस आला नाही.

हे पुढे दरवर्षीच होत गेलं. नवीन पोरं यायची, चावायची, ओरबाडायची, फासा पळवायची. लताबाई त्यांना ‘आता कुणाचं’ ते बघायला, हरायला, सापावरून खाली यायला शिकवायची. त्या काळात राखी त्यांच्यात एक होऊन खेळायची. आणि पोरं जरा शहाणी झाली, की कुठूनतरी ते ‘ताईला चालतं’ त्यांच्या तोंडी यायचंच. जी पोरं सर्वांत चांगली निघायची, तीच आधी बिघडायची. लताबाई मग त्यांना सोडून नवीन बारकी पोरं शोधायची. गल्लीत नवीन पाळणा हलला की बारशाला सर्वांत आधी ती हजर, आणि बाळाकडे बघून मनात हिशोब करायची की हे खेळायला कधी बसेल. बायकांना वाटायचं, किती लळा आहे हिला लेकरांचा. तो लळा हळूहळू खराच झाला होता, हे लताबाई स्वतःही कबूल करत नव्हती.

राखी बारा वर्षांची झाली. ती आता चुकत नव्हती. सोंगटी बोटाने नेमकी चालवायची, हात आपला की दुसऱ्याचा हे तिला कळायचं, कुणी घर जास्त घेतलं तर ती “ए!” म्हणून बोट दाखवायची. पण हरली की अजूनही हसायची. कधी कधी लताबाईला वाटायचं, सोडून द्यावं. पोर हसते ना, मग आणखी काय हवं? निवृत्ती इतकी वर्षं तेच सांगतोय.

दिवाळीच्या सुट्टीत कंपनी बंद होती. दुपारचं जेवण झालं, निवृत्ती चटईवर आडवा झाला होता. राखीने तो जुना मोठा पट आणला, त्याच्या पोटाशी अंथरला आणि म्हणाली, “पप्पा, बस.”

“पाय दुखतात गं—”

“हातानं खेळतात,” राखी म्हणाली.

लताबाई आत भांडी पुसत होती, तिला हसू आलं. निवृत्ती उठून बसला. किती वर्षांनी त्याने तो फासा हातात घेतला. लताबाई भांडं तसंच हातात धरून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

डाव बराच वेळ चालला. निवृत्तीची सोंगटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. राखी सावकाश, ओठ हलवत, एकेक घर मोजत चढत होती. बघता बघता ती शेवटच्या ओळीत पोचली, निवृत्तीच्याही पुढे. थोडंसंच उरलं होतं. मध्ये फक्त तो लांबलचक साप होता, ज्याचं शेपूट पार खाली पहिल्या ओळीत होतं. त्याचं तोंड तिच्यापासून तीन घरांवर. राखीने फासा दोन्ही तळव्यांत घोळवला, टाकला. तीन पडले.

निवृत्तीने विचारही केला नाही. त्याचा हात आपोआप पुढे गेला, त्याने राखीची सोंगटी उचलली आणि तोंडाने “एक, दोन, तीन!” म्हणत ती सापाच्या पलीकडच्या घरात ठेवली. “वाचली गं वाचली माझी राणी!”

पण या वेळी राखी टाळ्या वाजवत नव्हती. ती पटाकडे बघत होती. तिने सोंगटी उचलली, मागे नेऊन होती त्या घरात ठेवली आणि बोट टेकवत मोजलं. एक. दोन. तीन. सोंगटी सापाच्या तोंडात उभी राहिली.

“तीन हायेत,” ती बापाला म्हणाली. “तू चार केले.”

“असू दे गं. पप्पाला चालतं—”

“नाय चालत.”

आणि तिने स्वतःच्या हाताने सोंगटी सापाच्या अंगावरून खाली आणायला सुरुवात केली. वळणावळणाने, ओळीमागून ओळ, सगळा साप. खाली येता येता तिचा ओठ थरथरायला लागला, आणि शेपटाशी पोचेपर्यंत डोळ्यांतून धारा लागल्या. निवृत्तीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तिने तो फटका मारून बाजूला केला.

“तुझं. टाक.”

निवृत्तीने लताबाईकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. लताबाईने मान हलवली, टाका म्हणून. त्याने टाकला. आणखी एकदा टाकला. बरोबर मोजलं, एकही घर इकडेतिकडे न करता, आणि शेवटच्या घरात सोंगटी नेऊन ठेवली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

राखीने असा हंबरडा फोडला की गल्लीतल्या फटाक्यांच्या आवाजावरही तो ऐकू गेला. पट भिरकावला, सोंगट्या मोरीपर्यंत गेल्या. ती जमिनीवर पालथी पडून पाय आपटत होती. समोरून प्रतिभा पिठाचे हात घेऊन धावत आली.

“काय झालं? कुणी मारलं पोरीला?”

“कुणी नाय मारलं,” लताबाई म्हणाली. “हरली.”

प्रतिभाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने आत बघितलं. पोरगी आकांत करत होती. बाप पटापाशी अपराध्यासारखा मान खाली घालून बसला होता. आणि आई दारात उभी राहून डोळे पुशीत होती, आणि हसत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं. या घरात समजूत नक्की कुणाची काढायची हे प्रतिभाला कळेना, तेव्हा ती थोडा वेळ तिथेच थांबली आणि मग तशीच परत गेली.